फ्रेंचमध्ये उत्तीर्ण झालो, पण तोंड उघडलंच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आम्हाला शाखेबाहेरचा एक ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. गेल्या सत्रात मी प्राथमिक फ्रेंच घेतलं. दोन क्रेडिट, तीस तास, सगळं ऑनलाइन. परीक्षेत मला वरची श्रेणी मिळाली. तरीही हे पत्र लिहावंसं वाटलं, कारण तीस तासांत मी फ्रेंचमधलं एक वाक्यही कोणाला ऐकू जाईल असं बोलले नाही. आमच्यातलं कोणीच बोललं नाही.

आधी एक स्पष्ट सांगते. ऑनलाइन वर्ग बंद करा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. आमच्या तालुक्यात फ्रेंच शिकवणारं कोणी नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला जाऊन भाषा शिकावी, असं कितीही वाटलं तरी तिथे राहण्या-जेवणाचा खर्च आमच्या घराला झेपणारा नाही. फोनवर का होईना, फ्रेंच माझ्या पडवीपर्यंत आलं, याचं मला अप्रूप आहे. शिकवणाऱ्या मॅडमही मनापासून शिकवायच्या. जुलैच्या पावसात आमच्याकडची वीज गेली की दुसऱ्या दिवशी त्या तोच भाग पुन्हा थोडक्यात घ्यायच्या. चुकलं ते रचनेत, त्यांचं काही चुकलं नाही.

चार महाविद्यालयांची मिळून एकशे साठ मुलं एकाच कॉलवर असायची. सगळ्यांचे माइक बंद, आणि डेटा वाचावा म्हणून कॅमेरेही बंद. मॅडम म्हणायच्या, "माझ्यामागून म्हणा." आम्ही आपापल्या घरी म्हणायचो. मी सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, काजूखाली बसून म्हणायचे, कारण रेंज तिथेच मिळते. पण मी म्हटलेलं बरोबर की चूक, हे सांगणार कोण? मॅडमना समोर एकशे साठ नावं दिसायची, एकही तोंड दिसायचं नाही. शेवटी परीक्षा झाली ती पन्नास प्रश्नांची, चारातला एक पर्याय निवडायची. काही जागा टाइप करून भरायच्या होत्या. त्यात 'फ्रांसे' या शब्दातल्या 'सी'खाली शेपटी द्यायची राहिली म्हणून माझा एक गुण गेला. ती शेपटी नसेल तर तिथे 'स' न होता 'क' होतो, तेव्हा गुण कापला हे योग्यच. पण तो शब्द मला म्हणता येतो का, हे सत्रभरात एकदाही कोणी तपासलं नाही.

हे सगळं ध्यानात आलं डिसेंबरात. माझी आई घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देते, जेवणही घरचंच असतं. गोव्याहून वर येताना एक वयस्कर फ्रेंच जोडपं आमच्याकडे दोन रात्री उतरलं. मला किती आनंद झाला होता, काय सांगू! आदल्या रात्री वही काढून सगळं वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं वाढली, आईने सुरमई तळली होती, आणि मी त्या बाईंना फ्रेंचमध्ये विचारलं, मासे घेणार का? त्या थबकल्या. नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मासा म्हणजे 'प्वासों'. मी म्हणाले होते 'प्वाझों'. त्याचा अर्थ विष. लिहिताना फरक एवढाच की माशाला दोन 'एस' लागतात आणि विषाला एक. परीक्षेत हाच प्रश्न होता आणि माझं उत्तर बरोबर आलं होतं. 'स' आणि 'झ' यांतला फरक मराठी माणसाच्या जिभेला कठीण नाही. पण शब्द डोळ्यांनी ओळखणं आणि तोंडाने म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची सवय मला कोणी लावली नव्हती.

संध्याकाळी त्या बाई स्वयंपाकघरात आल्या. मी त्यांना समुद्राकडे जाणारा रस्ता सांगत होते आणि रस्त्याला 'रू' म्हणत होते. त्यांनी हाताने थांबवलं. 'रू' म्हणजे चाक. रस्त्याच्या शब्दात जो स्वर आहे तो मराठीत नाही, इंग्रजीतही नाही. त्यांनी मला ओट्याजवळ उभं केलं आणि खुणेने सांगितलं, 'ई' म्हण. मी 'ई' म्हटलं. मग म्हणत राहायला सांगून त्यांनी स्वतःचे ओठ शिट्टी घालताना करतो तसे गोल केले. आत जीभ 'ई'चीच, बाहेर ओठ 'ऊ'चे. तीन वेळा चुकलं. चौथ्या वेळी तो आवाज निघाला आणि त्यांनी टाळी वाजवली. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. तीस तासांच्या वर्गात हा स्वर पडद्यावर लिहून दाखवला होता, खाली 'यू' अक्षर, बाजूला बाण. त्यावरून ओठांचं काय करायचं ते कळत नाही. आणि हा स्वर साध्यासुध्या शब्दांत येतो. 'तू'साठी असलेल्या शब्दात आहे, 'एक'च्या स्त्रीलिंगी रूपात आहे. तो चुकला की पहिल्या धड्यापासून सगळंच चुकत जातं.

आमची आजी चुलीशी बसून हे पाहत होती. वाइन, ब्रेड, चांगलं, पांढरं असे नाकातल्या स्वरांचे शब्द त्या बाई म्हणून दाखवू लागल्या, तेव्हा आजी मागून म्हणाली, "ह्यात काय कठीण आसा गो?" आणि तिने ते म्हणून दाखवले. माझ्यापेक्षा स्पष्ट. आम्ही मालवणीत 'कुठे' म्हणायला 'खंय' म्हणतो, तो स्वर नाकातूनच येतो. आजीच्या बोलण्यात असे स्वर दिवसभर असतात. शाळेत प्रमाण मराठी बोलता बोलता माझे ते पुसट झाले आहेत.

म्हणूनच दुसरी गोष्ट लिहिते. आमचा वर्ग मराठी मुलांचा होता, पण शिकवणं इंग्रजीतून आणि पडद्यावरचा मजकूरही इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी तयार केलेला. त्यात लिहिलं होतं की फ्रेंच नामांना लिंग असतं, हे विद्यार्थ्यांना विचित्र वाटेल. आम्हाला का विचित्र वाटावं? आमच्याकडे तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल अशी तीन लिंगं आहेत. फ्रेंचमध्ये दोनच. विशेषण नामाप्रमाणे बदलतं हे समजावण्यात अर्धा तास गेला. 'छोटा मुलगा, छोटी मुलगी' एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. जवळच्या माणसाला 'त्यू' आणि परक्या किंवा मोठ्या माणसाला 'वू', हे इंग्रजीतून सांगायला पाऊण पान लागतं, कारण त्या भाषेत दोघांना एकच शब्द आहे. आम्ही जन्मापासून 'तू' आणि 'तुम्ही' वापरत आलो आहोत. क्रियापदसुद्धा आमच्यासारखंच बदलतं, तू बोलतोस, तुम्ही बोलता.

आणखी पुष्कळ आहे. इंग्रजीवाल्यांना फ्रेंच 'त' आणि 'द' साधत नाहीत म्हणतात. आपले 'त' आणि 'द' जवळजवळ तसेच आहेत, फक्त इंग्रजीतून लिहिलेलं वाचताना आपण त्यांचे 'ट' आणि 'ड' करून टाकतो. 'ले' आणि 'आमी' हे शब्द जोडून 'लेझामी' होतं, त्याला तिथे मोठं नाव आहे. आपल्याला शाळेत शिकवलेला संधी आठवला की ते अंगवळणी पडतं. शब्दाच्या शेवटची अक्षरं लिहायची पण उच्चारायची नाहीत, याचा मला सुरुवातीला फार त्रास झाला. मग आजोबांच्या ट्रंकेतली जुनी पुस्तकं आठवली. त्यांत 'केलें', 'झालें' असं छापलेलं असायचं. तो अनुस्वार लोकांच्या बोलण्यातून गेला होता, पण १९६२चे शुद्धलेखनाचे नियम येईपर्यंत लिहिण्यात टिकून होता. फ्रेंचांनी असे जुने ठिपके पुसले नाहीत, एवढंच.

आकड्यांचं तर सांगायलाच हवं. ऐंशीला फ्रेंचमध्ये 'चार वीस' म्हणतात. नव्वद म्हणजे 'चार वीस दहा', सत्त्याण्णव म्हणजे 'चार वीस दहा सात'. वर्गातली मुलं हैराण झाली होती. घरी आजी सुके बांगडे मोजताना अजूनही चार ईसा म्हणते, म्हणजे ऐंशी. मला त्या दिवसापासून तो आकडा कधी अडला नाही. ज्या मुलांच्या घरात आजी नाही त्यांना हे वर्गात कोणीतरी सांगायला नको का?

मॅडमनी एकदा, फक्त एकदा, धडा बाजूला ठेवून आम्हाला गी प्वातव्हँ यांच्याबद्दल सांगितलं होतं. हे मूळचे फ्रेंच गृहस्थ पुण्यात स्थायिक झाले आणि हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या, बायकांच्या तोंडात होत्या. त्यांच्याजवळ बसून ऐकल्याशिवाय त्या मिळाल्याच नसत्या. सबंध सत्रात मला तो तास सगळ्यांत जास्त आठवतो. त्या दिवशी मॅडम मराठीतून बोलत होत्या.

आता मागणी. मी वाणिज्यची विद्यार्थिनी आहे, हिशेब करून बघितला. आठवड्याला दोन तास, पंधरा आठवडे. त्या दोन तासांत आम्ही नुसते ऐकत असू, तर ते शिकवणं एकदा ध्वनिचित्रमुद्रित करून द्या. ज्याला जेव्हा रेंज मिळेल तेव्हा तो पाहील, हवं तर दोनदा पाहील. मॅडमचे ते दोन तास बोलण्यासाठी मोकळे होतील. एकशे साठ मुलांचे आठ-आठचे वीस गट होतात. एका गटाला वीस मिनिटं दिली तर आठवड्याला सहा गट होतात, सत्रात नव्वद बैठका. म्हणजे प्रत्येक मुलाला चार-पाच वेळा बोलायला मिळेल. जादा शिक्षक नको, जादा तास नकोत. ज्याचं नेट चालत नाही त्याच्या गटाला साधा फोन करावा. कॉन्फरन्स कॉलवर ओठ दिसणार नाहीत, पण आवाज तर ऐकू येईल, आणि 'प्वाझों' म्हटलं की लगेच कोणी टोकेल. कॅमेरा सत्रभर नको. त्या वीस मिनिटांपुरता सुरू ठेवायला आमच्याकडच्या मुलांनाही जमेल.

आणि परीक्षेत तोंडी गुण ठेवा. फ्रेंचची 'देल्फ' ही परीक्षा जगभर मानली जाते. तिच्या पहिल्या पातळीलाही ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी पंचवीस गुण आहेत. बोलण्याची परीक्षा पाच ते सात मिनिटांची. स्वतःची ओळख करून द्यायची, चिठ्ठीवरचा शब्द बघून समोरच्याला प्रश्न विचारायचा, दुकानात काहीतरी विकत घेतल्यासारखं बोलायचं. यात पंचवीसपैकी किमान पाच मिळाले नाहीत, तर बाकी तिन्हींत पैकीच्या पैकी असले तरी माणूस नापास होतो. आमच्या गुणपत्रिकेवर 'प्राथमिक फ्रेंच' असं छापलं आहे. ती घेऊन मी उद्या देल्फला बसले तर बोलण्याच्या भागात अडेन, हे मला आता माहीत आहे. बारावी विज्ञानच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एखादा क्षार ओळखायलासुद्धा परीक्षानळी हातात घ्यावी लागते. मग भाषेची परीक्षा तोंड बंद ठेवून कशी चालते?

आमच्या जिल्ह्याला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर केलं. माझ्यासारख्या कितीतरी मुलींच्या घरी खोल्या आहेत, खानावळी आहेत, बोटी आहेत. फ्रेंच आम्ही हौसेने घेतलं, पण त्यात पोटाचाही विचार होता. जाताना त्या बाईंनी समुद्राकडे बोट दाखवून 'ला मेर' म्हटलं आणि मग माझ्या आईकडे बोट दाखवून तसंच 'ला मेर' म्हटलं. लिहिताना दोन्ही शब्द वेगळे, उच्चार एकच. आपला समुद्र 'तो', त्यांचा 'ती'. आईला मी ते मालवणीत सांगितलं, तर ती कितीतरी वेळ ते शब्द घोकत होती. मला एवढंच हवं आहे, की कोणीतरी समोर म्हणावं आणि आपण मागून म्हणावं, आणि चुकलं तर त्याला ते ऐकू जावं.

दुसऱ्या पातळीसाठी मी नाव दिलं आहे. महाविद्यालयाला हेच सगळं अर्जात लिहून दिलं आहे, माझ्याखाली एकतीस मुलांच्या सह्या आहेत. पुढच्या सत्राचं वेळापत्रक अजून लागलेलं नाही. इतर जिल्ह्यांतही असेच वर्ग चालत असतील, तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षकांनी आपापला अनुभव आपल्या दैनिकाला कळवावा, ही विनंती.

आपली,
द्वितीय वर्ष वाणिज्यची एक विद्यार्थिनी
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग