रहिमतपूरकडच्या त्या काका-काकूंचे आभार

रविवारी आम्ही चौघे मित्र साताऱ्याहून रहिमतपूरच्या बाजूला दगड शोधायला गेलो. निघताना एकाच्या पोराने विचारलं, "शार्कचे दात आणणार?" बाळा, आपला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात दात कुठले! पण लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून स्फटिक वाढले, ते मात्र मिळतात.

नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर काकांनी आम्हाला खुशाल चढू दिलं. "न्या की, आमाला काय करायच्यात गारगोट्या!" वर स्वतः पहार आणून एक धोंडा फोडून दिला. आत फिकट गुलाबी स्टिल्बाइट नावाचं स्फटिक-खनिज, कडब्याच्या पेंढीसारखं मध्ये आवळलेलं. पाच मिनिटं कोणी बोललंच नाही.

मग वळवाने झोडपलं आणि गाडी काळ्या रानात रुतली. (आत घालू नको असं मी म्हणालो होतो.) ट्रॅक्टरवाल्या दोन पोरांनी साखळी लावून ओढून काढली, डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. तोवर काकूंनी पिठलं-भाकरी वाढली. नावं विचारायची राहिलीच. सगळ्यांचे मनापासून आभार.

आणि काकू, ठेच्याचा तुमचा डबा आमच्याकडेच आहे. येत्या रविवारी आणतो, रिकामा नाही.