शनिवारी रात्री ९ ला 'पॉड' ऐकायचाय, विसरू नका
मंडळी, परत एकदा सांगतोय, शनिवारी ९ ला ब्रीडर्स या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम 'पॉड' (१९९०) सगळ्यांनी एकत्र ऐकायचाय, हेडफोन मस्ट, साउंड इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीचं रेकॉर्डिंग मोबाईलच्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे पाप आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिक्सीज बँडची किम डील आणि थ्रोइंग म्यूझेस बँडची टॅन्या डॉनेली यांचा ब्रीडर्स हा साइड प्रोजेक्ट, किमला आपली जुळी बहीण केली डीलसुद्धा बँडमध्ये हवी होती पण तिला नोकरीतून सुट्टीच मिळाली नाही (इथल्या निम्म्या लोकांना हे दुःख कळेल) म्हणून या अल्बमवर ती नाहीये, १९९२ ला बँडमध्ये आली आणि मग १९९३ चा 'लास्ट स्प्लॅश' दोघी बहिणींनी गाजवला. मला मात्र 'पॉड'च जास्त आवडतो, भांडायचं तर शनिवारी भांडू. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर हात वर करा, लिंक त्यांनाच पाठवेन.