रविवारची रेल्वे सहल : वेंटवर्थ फॉल्स

सिडनीकर सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता सेंट्रल स्टेशनच्या मोठ्या घड्याळाखाली जमायचं आहे. ब्लू माउंटन्स लाइनच्या गाडीने वेंटवर्थ फॉल्स स्टेशन, तिथून चार्ल्स डार्विन वॉकने ओढ्याच्या काठाकाठाने धबधब्यापर्यंत. १८३६ साली खुद्द डार्विन इथूनच गेला होता. वाट सोपी आहे, पण ओल्या दगडांवर पाय सटकतो; चपला-सँडल नकोत. वर शहरापेक्षा गारठा जास्त, म्हणून जाकीट घ्याच. पाणी आणि डबा आपापला (दशम्या-चटणी आणणाऱ्यांचं विशेष स्वागत!). उतरल्यावर ओपल कार्ड (प्रवासभाड्याचं कार्ड) टॅप करायला विसरू नका. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, गाडीऐवजी बस येते. आदल्या रात्री वेळापत्रक बघा. वेळ उरल्यास कटूम्बाला थ्री सिस्टर्स हे तीन सुळके बघू. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवावे.