मनूस, एटकॉमच्या तासाबद्दल

सेवाग्राम
रविवार, दुपार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू फोन ठेवलास तो रागाने, की वॉर्डातून बोलावणं आलं म्हणून, ते मला कळलं नाही. बाबा म्हणतात बोलावणं आलं असेल. मी म्हणते राग. तुझ्या आजीचाच राग आहे तो, बराच वेळ गप्प आणि मग एकदम. पण तू विचारलेलं अर्धवट राहिलं म्हणून लिहायला बसले. फोनवर मी मुद्द्यावर राहत नाही असं तूच म्हणतेस, कागदावर राहीन बहुतेक. तुझ्या ड्यूटीरूमच्या दाराच्या कडीचा विषय काढणार नाही, असं बाबांना कबूल केलंय.

तर तुझा तास. मॅडमनी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना एटकॉमचा, म्हणजे डॉक्टरने कसं वागावं-बोलावं याचा, एक तास घ्यायला तुला सांगितलं, विषय रुग्णाविषयीची करुणा. तू म्हणालीस, "सेवाग्रामच्या दोनचार गोष्टी सांग, स्लाइडवर टाकते." मी बहेनजींपासून, म्हणजे डॉ. सुशीला नायरांपासून, सुरुवात केली, तर लगेच, "आई, त्यांच्याकडे एका गादीवर दोन पेशंट नव्हते गं!" त्यावर मी काहीतरी बोलले, आणि मग कडीचं निघालं, आणि मग तू फोन ठेवलास.

तुमच्या वेळी एटकॉम नव्हता. तो २०१९ च्या बॅचपासून आला. पेशंटशी कसं वागायचं, वाईट बातमी कशी सांगायची, हे अभ्यासक्रमात आलं ते चांगलंच झालं. पण स्लाइडवर हार घातलेले फोटो दाखवलेस तर पोरं मोबाइल बघत बसतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही. फोटोत सगळीच माणसं हळवी दिसतात. बहेनजी हळव्या नव्हत्या, कडक होत्या. डॉ. सुशीला नायर म्हणजे गांधीजींच्या डॉक्टर, आगाखान पॅलेसमध्ये बा गेल्या तेव्हा तिथे असलेल्या, हे पोरांना एका वाक्यात सांग. त्या १९६२ ते ६७ केंद्रात आरोग्यमंत्री होत्या आणि १९६९ मध्ये त्यांनी एका खेड्यात मेडिकल कॉलेज काढलं, हे मात्र जरा सावकाश सांग. दिल्ली सोडून इथे! तेव्हा सेवाग्रामात काय होतं? बायका आणि मुलांसाठी सुरू झालेला कस्तुरबा दवाखाना, आश्रम आणि उन्हाळा.

कॉलेजात आलेल्या पोरांना बहेनजी आधी पंधरा दिवस आश्रमात राहायला लावत. झाडलोट, सूतकताई, प्रार्थना. खादी सगळ्यांना. आम्ही शिकाऊ सिस्टर होतो तेव्हा, शहरातून आलेली पोरं झाडू कशी धरतात ते बघायला कुंपणाशी उभ्या राहायचो. हसू आवरायचं नाही. मग प्रत्येक बॅचला एक गाव, प्रत्येकाला काही घरं. आता देशभर एमबीबीएसच्या पोरांना कुटुंब दत्तक घ्यावं लागतं म्हणे. आमच्याकडे ते केव्हापासूनचं. त्याने सगळी पोरं बदलली असं मी म्हणणार नाही. कितीतरी जणांनी पाचव्या वर्षी खादी ट्रंकेत घातली ती घातलीच. पण त्यातला एखादा पुढे वॉर्डात मावशीची वाट न बघता बेडपॅन स्वतः उचलायचा, आणि तो नेमका कोण निघेल ते पहिल्या वर्षी कधीच ओळखू यायचं नाही.

जवारीचं मात्र नक्की सांग. डॉ. उल्हास जाजूंनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आसपासच्या गावांत विमा सुरू केला, पैशांचा नाही, जवारीचा. सुगीत धान्य घरात आलं की ज्याची शेती जास्त त्याने जास्त द्यायची आणि भूमिहीनाने त्याला झेपेल तेवढी. गावातली निदान ७५ टक्के गरीब घरं सामील झाली तरच ते गाव घ्यायचं. मग अचानक आजार आला तर दवाखाना फुकट. मी मेडिसिनच्या वॉर्डात नवीन होते. छातीत पाणी झालेला एक म्हातारा आला. डॉक्टरांनी पाठीत सुई घालायला त्याला टेबलावर वाकवून बसवलं, मी त्याचे दोन्ही दंड धरून समोर उभी होते. धाप इतकी, की वाक्य पुरं होत नव्हतं. तरी मला म्हणाला, "बाई, आमची... जवारी... जमा हाय." मला वाटलं भ्रम झालाय. मग कळलं, तो सांगत होता की मी फुकटचा आलो नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर त्याने उशी बदलून मागितली, हक्काने. तोवर मी धर्मादाय कॉटवरच्या कुणाला उशी बदलून मागताना पाहिलं नव्हतं.

आणि गडचिरोलीचं. तुला ते पाठ आहे, परीक्षेत लिहून आलीस तू. डॉ. अभय आणि राणी बंग, त्यांची संस्था सर्च, १९८६. पण तुम्ही आरोग्यदूत आणि नवजात बालकांचे आकडे पाठ करता आणि दवाखाना विसरता. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांतल्या डॉक्टरांची भीती वाटते, आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. आणि आमच्या माणसाला आत ठेवून आम्हाला बाहेर काढता. म्हणून तिथे झोपड्यांसारखे वॉर्ड झाले, घरचं माणूस सोबत राहील असे, आणि नाव लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. राणीताईंनी दोन गावांतल्या बायका तपासल्या, तर ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते. त्या बायका दुखणं लपवत नव्हत्या गं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणजे बघ, यातल्या कोणीही "प्रेमाने बोला" म्हणून थांबलं नाही. कुणी जवारी मोजली, कुणी भिंत काढली, कुणी आधी जाऊन विचारलं. एका गादीवर दोन पेशंट असताना तुला गोड बोलायला सुचत नाही, हे मला समजतं. मीसुद्धा रात्रपाळीत नातेवाइकांवर ओरडलेली बाई आहे. पण रात्री सव्वातीनला दोन पेशंटमध्ये एक पडदा ओढायला किती वेळ लागतो? हं. झालं माझं लेक्चर सुरू. राहू दे, तू ओढत असशील. तू लहानपणी आजीच्या खाटेला साडीचा पडदा बांधून दिला होतास, तिला कपडे बदलताना लाज वाटते म्हणून. चौथीत होतीस. सेफ्टी पिनांचं अख्खं पाकीट संपवलंस आणि दादाने मार खाल्ला. तुला डॉक्टर करायचं बाबांनी त्या दिवशी ठरवलं. तू आजवर समजतेस की दहावीच्या मार्कांवरून ठरलं.

आता एक सांगते, ते तासाला सांगायचं की नाही ते तू ठरव. आम्हाला ट्रेनिंगला असताना ट्यूटर बाईंनी एक नाव सांगितलं होतं, दार लावून, आवाज खाली करून. अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएमची सिस्टर. २७ नोव्हेंबर १९७३, ड्यूटी संपवून कपडे बदलायला गेली होती. पुढचं तुला माहीत आहे, तिथल्याच सफाई कामगाराने केलेला अत्याचार, आणि मग ती कायमची अंथरुणात, शुद्ध हरपलेली. १८ मे २०१५ ला ती गेली, तोवर तिच्याच दवाखान्याच्या सिस्टरांनी तिला सांभाळलं. एकामागून एक पिढ्या रिटायर झाल्या. ज्यांनी तिला कधी चालताबोलताना पाहिलं नव्हतं, त्या मुलींनी तिला भरवलं, कूस बदलली. इतकी वर्षं अंथरुणात, पण बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, नाही. हे काय असतं ते मला विचार, मी पाठी पुसण्यात आयुष्य घालवलंय. २०११ ला कोर्टात दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा त्याच सिस्टर उभ्या राहिल्या आणि नाही म्हणाल्या. बरोबर की चूक यावर आमच्या स्टाफरूममध्ये भांडणं झाली, माझं मत अजून एका जागी ठरत नाही. पण करुणा शिकवायला मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ही निवडीन, आणि ती शिकवणाऱ्या कोणी प्रोफेसर नव्हत्या.

आणि दरवेळी ही गोष्ट आठवली की मला दुसरंच दिसतं. कपडे बदलायची जागा. तिथे धड सोय असती तर?

तर काढलाच मी विषय. बाबांना सांगू नको. ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याची बातमी आली तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, "आम्ही सगळ्या एकत्रच झोपतो, काळजी करू नको." आता एकटीच असतेस, कारण बाकीच्या दुसऱ्या युनिटला गेल्या. दवाखान्यातच अत्याचार करून मारलेली ती कोलकात्याची डॉक्टर मुलगीसुद्धा विसावायलाच गेली होती गं, सेमिनार हॉलमध्ये, इतक्या तासांच्या ड्यूटीनंतर. मी टीव्ही बंद केला आणि भाजी चिरत बसले, काय चिरलं ते आठवत नाही. तू म्हणतेस ड्यूटीरूमचं दार लागतं, फक्त कडी निखळलीय, खुर्ची लावते. खुर्ची! एवढे मोठे सर्जन तुमच्याकडे आणि एक टॉवर बोल्ट बसत नाही. बाबा स्वतः आणून बसवणार म्हणतात, तू म्हणतेस सरकारी दाराला खासगी कडी चालत नाही, बांधकाम खात्याचा माणूस लागतो. मग अर्ज दे ना. तोंडी सांगू नको. दोन प्रती काढ, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे, मार्डच्या, म्हणजे तुमच्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, पोरांनाही एक प्रत दे. केंद्राचं १९९२ चं पत्र आहे, निवासी डॉक्टरची सलग ड्यूटी सहसा १२ तासांच्या वर नको, आठवड्याला ४८ तास. तू हसशील. मीही हसले होते. पण कागद आहे, आणि अर्जात कागदाचा उल्लेख असला की बाबू लोक जरा सरळ बसतात, हा माझा नोकरीतला अनुभव.

तू म्हणशील पेशंटला गादी नाही आणि मी माझ्या कडीसाठी अर्ज करू? कर. लाज कसली त्यात? त्या म्हाताऱ्याला जवारीवर उशी मागता आली, तुझी तर पोतीच्या पोती जमा आहेत.

ओरडते आहे असं वाटतंय का? ओरडत नाही. बाबा बँकेत पासबुक भरायला जातात तेव्हा रांगेतल्या माणसाला विचारतात, "बीपीची गोळी कुठली घेता? आमची मुलगी मेडिसिन करते मुंबईला." कोणीही न विचारता. मी बाजूला सरकून उभी राहते, पण ऐकते.

तासाचं असं कर, बघ पटलं तर. स्लाइड दोनच ठेव. सुरुवातीलाच पोरांना वॉर्डात सोड, जोडीजोडीने, अर्धा तास. पेशंटला काही विचारायचं नाही, त्याच्यासोबत आलेल्या माणसाला विचारायचं. रात्री कुठे झोपला, सकाळी संडासला कुठे गेला, काय खाल्लं, गावाकडे आज कोणाचा खाडा पडला. गर्दीने जायचं नाही, आणि बाईशी बोलायला मुलगीच जाऊ दे. परत आले की ऐक, तू बोलू नको. जिन्याखाली झोपलेली एखादी सून त्यांना भेटलीच तर जवारी आणि झोपडीचे वॉर्ड तेव्हा सांग. त्याआधी सांगितलंस तर ते फक्त लिहून घेतील.

मग त्यातलं एखादं पोरगं विचारेल, मॅडम, तुम्ही कुठे झोपता? त्यांना खरं सांग.

बाबा शुक्रवारी सेवाग्राम एक्स्प्रेसने निघतील. जवारीचं पीठ देते आहे, तुझ्या रूमपार्टनरला भाकरी येते म्हणालीस ना, मग लवकर संपव, पावसाळी हवेत कडू पडतं. मावशीच्या गुडघ्याचा एक्स-रेही पिशवीत ठेवलाय, ऑर्थोच्या कोणाला तरी दाखव. घाई नाही. ती ऑपरेशनला नाहीच म्हणते, पण तू फोन केलास तर ऐकेल. माझं कोण ऐकतं.

तुझी,
आई