उजव्या हाताविषयी

चि. पल्लवी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल "आई, पुन्हा तेच नको" म्हणून तू फोन ठेवलास, त्याचा मला राग नाही. परंतु फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे. घरची खुशाली अशी की पऱ्हाटी चांगली वाढली आहे आणि मोठ्या आईच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर करायचे ठरले आहे.

आता हाताविषयी. पोळ्याला आली होतीस तेव्हा रात्री तू उठून बसलीस आणि उजवा हात मनगटापासून झटकत राहिलीस. मी जागीच होते. सकाळी विचारले तर "अंगाखाली दबला असेल" म्हणालीस आणि पाट्यावर ठेचा वाटताना सारा जोर डाव्या हाताने लावलास. उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून जन्म काढलेल्या बाईपासून हे लपत नाही, बाळ. रात्री मुंग्यांनी जाग येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे, हे मनगटातील नस दबल्याचे ओळखीचे लक्षण आहे. तळहाताच्या मुळाशी हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद वाट जाते; बोटे वाकवणाऱ्या, दोरीसारख्या ९ कंडरा आणि ही नस त्याच वाटेने जातात, त्यामुळे तेथे थोडी सूज आली तरी नस चेपते. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी मात्र सुटते. तुझी करंगळी कशी आहे, एवढे तरी सांग. तीही बधिर होत असेल तर दुखणे कोपरातील किंवा मानेतील नसेचे असू शकते आणि तपासणी वेगळी करावी लागते.

हे संगणकामुळेच झाले असे मी म्हणत नाही. थायरॉइड मंद असले किंवा साखर वाढलेली असली तरीही ही नस दबते, आणि दर्यापूरच्या आत्यांचे तुला माहीत आहेच. म्हणून दोन्ही रक्ततपासण्या करून घे. तरीही तू काम कसे करतेस ते मी या डोळ्यांनी पाहिले आहे: बाजेवर मांडी, उशीवर लॅपटॉप, मान खाली, आणि मनगटे लॅपटॉपच्या कडेवर टेकून पंजे वर मुडपलेले. माणसाच्या डोक्याचे वजन ५ किलोच्या आसपास असते. मान सरळ असली तर ते जाणवत नाही, पण ती पुढे झुकली की तेच ओझे मानेमागच्या स्नायूंना तासन्‌तास ओढून धरावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत सायंकाळी बाया कंबर धरून उपकेंद्रात येत. मी गोळी देई आणि सांगे, की दर ओळीच्या शेवटी उभ्या राहा, कमरेवर हात ठेवून मागे वाका. गोळीपेक्षा त्याचाच उपयोग झाला, असे त्यांतल्या कितीतरी जणी येऊन सांगत.

लॅपटॉपची अडचण अशी की पडदा आणि कळा एकाच तुकड्यात असतात. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात उचलावे लागतात, हात नीट ठेवावे तर मान वाकते. म्हणून कीबोर्ड आणि माऊस वेगळे घे, लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेव, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणि हाताच्या अंतरावर असू दे. कोपरे अंगाजवळ व काटकोनात, मनगट सरळ. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट घे. आणि अर्ध्या तासाने ऊठ, पाणी पिण्याच्या निमित्ताने का होईना. कारण कितीही चांगल्या बैठकीत माणूस हललाच नाही तर अंग आखडतेच.

पुन्हा उपदेश सुरू झाला, क्षमा कर. तू पहिलीत असताना माझ्या लसीकरणाच्या रजिस्टरवर रेघा आखायला बसायचीस. लोडशेडिंग असायचे, कंदिलाजवळ तुझी ती इवलीशी चिमूट पट्टीवर घट्ट दाबलेली असायची आणि रेघ कधी हलली नाही. तोच हात आज पुण्यात एवढे मोठे काम करतो, हे बाबा पानठेल्यावर सांगतात तेव्हा ऐकणारे कंटाळतात, पण ते थांबत नाहीत. मलाही तितकाच अभिमान आहे.

म्हणूनच भीती वाटते. आपल्या गावातील शिवणकाम करणाऱ्या एका बाईने हे दुखणे अंगावर काढले. पुढे तिच्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खोलगट झाला आणि चिमटीत टाचणी धरता येईना. एकदा तो स्नायू झिजला की भरून येणे कठीण असते. तू अजून त्या टप्प्यावर नाहीस, असे मला मनापासून वाटते. आज रात्री आरशासमोर दोन्ही तळहात शेजारी धरून पाहा. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून झोपल्याने सुरुवातीच्या अवस्थेत पुष्कळांना आराम पडतो. पण तो डॉक्टरांना दाखवून, नसेची तपासणी झाल्यावरच ठरव, दुकानातून उगाच आणू नकोस.

कीबोर्डचे पैसे गोलूच्या हाती पाठवते, नको म्हणू नकोस. डॉक्टरांची वेळ ठरली की तारीख कळव. वेचणी सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तोवर मला येता येईल, आणि करंगळीचे उत्तर मात्र त्याआधी दे.

तुझी,
आई