तीन कोटेशनं

कळवा,
रविवार

चि. वैशालीस,
अनेक आशीर्वाद.

सोसायटीच्या कमिटीत आलीस आणि पहिलंच काम सिक्युरिटी बदलायचं निघालं, हे ऐकून हसू आलं. तू पाठवलेले तिन्ही कोटेशनांचे फोटो आईने मोठे करून वाचून दाखवले. तुझा कल स्वस्तवाल्याकडे आहे, ते आवाजावरूनच कळलं. अठ्ठावीस वर्षं गेटवर काढलेल्या माणसाला सल्ला विचारलास, आता एवढं पत्र वाचावं लागेल.

1996 ला मी पहिल्यांदा पॉइंटवर, म्हणजे ड्युटीच्या जागी, उभा राहिलो, तेव्हा एजन्सीने शिट्टी, काठी आणि दुसऱ्याच कोणाच्या मापाचा शर्ट हातात ठेवला. ट्रेनिंग एवढंच. शर्टाचे पैसे तीन पगारांतून कापले. पीएफही कापायचे, नंबर मागितला की फिल्ड ऑफिसर म्हणायचा, "पुढच्या महिन्यात." चार वर्षांत तो महिना काही उजाडला नाही. खांद्यावर मात्र दोन स्टार लावून दिले होते. एकदा नाक्यावर खऱ्या हवालदाराने विचारलं, "काय साहेब, कुठलं ठाणं?" तेव्हापासून मी ते काढून खिशात ठेवायचो. आता तर पोलिसांसारखा किंवा सैन्यासारखा गणवेश घालणं हा गुन्हाच आहे.

पुढे सुरक्षा रक्षक मंडळात नोंद झाली आणि ठाण्याच्या कारखान्यावर लागलो. हे मंडळ 1981 च्या कायद्याने झालेलं, माथाडींच्या मंडळासारखंच. कारखाना पगार आणि वरची लेव्ही, म्हणजे पगारावरची ठरावीक टक्केवारी, मंडळात भरायचा, मंडळ आम्हाला द्यायचं. पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस सगळं त्यातून. मध्ये कोणी खाणारा नाही. तुझी कॉलेजची फी तिथूनच गेली. तुमच्या पुण्यालाही असं मंडळ आहे, तिथे एकदा चौकशी कर.

एजन्सीच घ्यायची असेल तर 2005 चा केंद्राचा कायदा लागतो. त्यात लायसन्स एजन्सीला मिळतं, गार्डला नाही. रिक्षावाल्याचा बॅज त्याचा स्वतःचा असतो. गार्डाकडे काय, तर एजन्सीचं ओळखपत्र. एजन्सी सुटली की तेही परत करायचं. दहा वर्षं रात्री जागलेला माणूस दुसऱ्या एजन्सीत गेला की पुन्हा कोरा. मला या कायद्यातलं हेच सलतं. तरी आहे ते तरी बघ. लायसन्स पाच वर्षांचं असतं, मुदत वाच. एका जिल्ह्याचं, पाच जिल्ह्यांपर्यंतचं आणि अख्ख्या राज्याचं, असे प्रकार आहेत. त्यात पुणे आहे का ते बघ.

आता एक खुबी सांगतो. नियमाप्रमाणे नव्या गार्डाला 160 तासांचं ट्रेनिंग हवं, 100 वर्गातले आणि 60 मैदानातले, आणि ते किमान वीस दिवसांत पसरलेलं. (माजी सैनिक-पोलिसांना कमी चालतं.) प्रमाणपत्र सगळेच दाखवतील. तू त्यावरच्या तारखा घे आणि त्याच पोराच्या आधीच्या पॉइंटचं हजेरी रजिस्टर माग. मी सुपरवायझर असताना एक पोरगा माझ्याकडे आला, त्याचं ट्रेनिंग ज्या आठवड्यात झालं म्हणून लिहिलं होतं, त्याच आठवड्यात त्याच्या सलग नाइट लागल्या होत्या.

आणि तो स्वस्त दर. गेटवर चोवीस तास, माणसं दोन, रिलीव्हरची, म्हणजे सुट्टीला बदली येणाऱ्या गार्डाची, ओळच नाही. म्हणजे बारा-बारा तास आणि तीसही दिवस, महिन्याचे 360 तास. आठ तासांची ड्युटी आणि आठवड्याची सुट्टी धरली तर 208 होतात. वरच्या 152 तासांचा जादा दर कुठे लिहिलाय, ते त्या मालकाला विचार. त्याच्याकडून ब्रेकअप मागून घे: बेसिक किती, स्पेशल अलाउन्स किती, पीएफ, ईएसआय (आजारपणाचा सरकारी विमा), रिलीव्हर, त्याचं कमिशन. बेसिक आणि स्पेशल अलाउन्स मिळून सरकारी किमान वेतनाच्या खाली असेल, तर तुमचे वाचलेले पैसे कोणाच्या ताटातले, हे तुला मी सांगायला नको.

गेटवरचे काका झोपतात अशी तक्रार आहे म्हणालीस. दिवाळीत आलो तेव्हा रात्री मी त्यांच्याजवळ बसलो होतो. प्लॅस्टिकची खुर्ची, पायाशी कासवछाप, टॉर्चच्या सेलला रबर बांधलेलं. त्या दिवशी त्यांचा रिलीव्हर आला नव्हता, सकाळी सातपासून ते तिथेच होते. मी गेलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. झोपतील नाही तर काय करतील?

पण वय विचारलं तर म्हणाले, अडुसष्ट. कायद्यात पासष्टच्या पुढे गार्ड ठेवता येत नाही. म्हणजे मी सांगतो तशी चांगली एजन्सी आणलीस, की पहिले तेच घरी जाणार. आठवडाभर हेच डोक्यात घोळतंय. आई म्हणते, पार्सलं घेऊन नोंद ठेवायला, पाण्याची मोटर बघायला सोसायटीने स्वतः माणूस नेमला तर? ते गार्डाचं काम नाही. मीटिंगमध्ये विषय काढून बघ. आणि काकांना आधी सांग, नोटीस लावून कळू देऊ नकोस.

ब्रेकअप आला की फोटो पाठव, या वेळी जरा उजेडात काढ. जावईबापूंना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझे,
बाबा