सांता फेहून बाबांना

सांता फे, न्यू मेक्सिको

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. शनिवारी इथलं लोककलेचं संग्रहालय पाहिलं. संत इसिद्रोच्या मूर्तीपुढून माझा पाय निघेना. हा शेतकऱ्यांचा संत. तो प्रार्थनेत रमलाय आणि त्याचं औत देवदूत हाकतोय! जनीबरोबर दळायला बसणारा आपला विठ्ठलच आठवला. १५ मेला इसिद्रोचा सण असतो, तेव्हा त्याला शेतांतून मिरवतात.

अशा मूर्ती कॉटनवुड झाडाच्या मुळातून कोरतात. चित्र असेल तर पाइनची फळी तासून तिच्यावर जिप्सम आणि सरसाचा पांढरा लेप देतात, मग रंग. गावातल्याच कारागिरांनी घरच्या नि चर्चच्या देवांसाठी केलेलं हे काम.

आज त्याची जी ओळख आहे, तीत ई. बॉइड या विदुषींचा वाटा फार मोठा. मूळच्या फिलाडेल्फियाच्या, शिक्षणाने चित्रकार. १९५१ पासून इथल्या राज्य संग्रहालयात स्पॅनिश काळातल्या कलेचा विभाग त्यांनी सांभाळला. बहुतेक चित्रांवर सही नाही. बाईंनी डोळे, बोटं, कडेची नक्षी ताडून एकेका कारागिराचा हात ओळखला, जोडीला चर्चच्या जुन्या याद्या धुंडाळल्या. एकाला तर अभ्यासक 'मिरचीवाला चित्रकार' म्हणत, कारण मोकळ्या जागेत तो लाल मिरच्यांसारखे आकार भरायचा. त्याचं नाव मोलेनो, हे पुढे उजेडात आलं. बाईंचा मोठा ग्रंथ १९७४ साली निघाला, त्याच वर्षी त्या गेल्या. त्यांची कागदपत्रं राज्याच्या अभिलेखागारात जपून ठेवली आहेत. मला त्या कागदांचं मोल मूर्तींइतकंच वाटतं. ते नसते तर किती कारागीर निनावीच राहिले असते!

म्हणून एक काम सांगते, आणि ते खरंच करा. आपल्या देव्हाऱ्यातले टाक कुठल्या सोनाराने घडवले, कोणाच्या लग्नात आले, झिजल्यावर कोणते बदलले, हे मोठ्या आत्याला विचारून वहीत उतरवा. खंडोबाचा टाक पणजीच्या माहेरचा असं ती एकदा म्हणाली होती, त्या गावाचं नावही विचारा. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. दादाला टाकांच्या मागच्या बाजूचेही फोटो काढायला सांगा.

आईला नमस्कार, दादाच्या पिल्लाला गोड पापा.

तुमची,
धाकटी